घर पाहावे सांभाळून : तळघरातला बंब



गेल्या अंकात छपराच्या गटरांविषयी लिहिलं होतं. त्यावर शिडीवरून पडता पडता वाचलेल्या दोघांचे आणि पडलेल्या एकाचे फोन आले. (तिसरे आता बरे आहेत. प्लास्टर निघालं.) कोजागिरीच्या कार्यक्रमात मात्र दूध आटत असताना वेगळाच विषय निघाला. आपल्यापैकी तीन कुटुंबांनी शहराबाहेर जुनी घरं घेतली आहेत आणि तिन्ही घरांच्या बेसमेंटमध्ये लाकडावर चालणारी फर्नेस आहे. "तुमच्याकडे आहे ना ती? वापरावी का काढून टाकावी?" असं तिघांनीही विचारलं. उभ्या उभ्या उत्तर देण्यासारखा हा विषय नाही, म्हणून संपादकांकडून एक पान जास्त मागून घेतलं आहे.

आधी आमच्याकडे ही फर्नेस आली कशी ते सांगतो. २००८ च्या उन्हाळ्यात हीटिंग ऑइल गॅलनला चार डॉलरच्या वर गेलं, तेव्हा आम्ही घाबरून आमच्या ऑइल फर्नेसच्या शेजारी लाकडाची फर्नेस बसवून घेतली. दोन्हींचे डक्ट एकच, पण लाकडाच्या फर्नेसला धुराडं स्वतंत्र. त्याच डिसेंबरात इथे बर्फाचं ते प्रसिद्ध वादळ झालं. झाडं काचेसारखी गोठून कडाकड मोडत होती. आपल्या न्यू हॅम्पशायरमध्ये चार लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली आणि काही घरांत दोन आठवडे आली नाही. आमच्या घरात ऊब होती. शेजारची दोन कुटुंबं मुलाबाळांसह आमच्याकडे राहायला आली आणि मी स्वतःला फार हुशार समजू लागलो. पुढचं सगळं त्या हुशारीमुळे झालं.

२०१२ च्या दिवाळीला आई रत्नागिरीहून आली होती. बेसमेंटमध्ये आम्ही एक खोली नीट करून घेतली होती. फर्नेस भिंतीपलीकडे असल्यामुळे घरातली सगळ्यात उबदार खोली तीच, म्हणून आईला तिथे झोपायला दिलं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी फर्नेसमध्ये लाकडं घालत होतो, तेव्हा ती मागे येऊन उभी राहिली.

"अरे, हे लाकूड ओलं आहे."

"नाही गं आई, सीझन्ड म्हणून घेतलंय. पावती आहे माझ्याकडे."

"पावती जाळणार आहेस का? टोकाला बघ, फेस येतोय. फसफस ऐकू येत नाही तुला?"

आई तांब्याच्या बंबात काटक्या घालत लहानाची मोठी झालेली. मी इथे तीस वर्षं इंजिनिअर. मी हसलो आणि दार लावलं.

दिवाळीच्या आदल्या शनिवारी फराळाचा घाणा होता. मंडळाच्या चार मैत्रिणी सौ.च्या मदतीला आल्या होत्या. चकल्या, शंकरपाळे, चिरोटे. वर स्वयंपाकघरात मोठा हूड पूर्ण वेगात, बाथरूमचा पंखा चालू, कपड्यांचा ड्रायर चालू, आणि तळणाचा वास कोटांना लागू नये म्हणून खिडक्या बंद. दिवस तसा गरम होता, म्हणून मी फर्नेसची हवा जवळजवळ बंद करून आग नुसती धुमसत ठेवली होती.

आई दुपारी खाली पडायला गेली. चहाला वर आली तेव्हा म्हणाली, डोकं जड झालंय, मळमळतंय. सगळ्यांनी तळणाच्या वासावर आणि जेट लॅगवर ढकललं. चहा घेऊन अंगणात चार पावलं टाकली तेव्हा तिला बरं वाटलं. पुन्हा खाली गेली. तासाभराने माझी मुलगी तिला हाक मारायला गेली, तर आजी पलंगावर बसून "उठवत नाहीये गं" असं म्हणत होती. मुलीने शाळेत शिकलेलं तिला आठवलं. तिने आजीचा हात धरून तिला मागच्या दाराने सरळ बाहेर नेलं आणि तिथून ओरडली, "बाबा, सगळ्यांना बाहेर काढा!"

फायर डिपार्टमेंटची माणसं मीटर घेऊन आत गेली. बेसमेंटमध्ये कार्बन मोनॉक्साइड. स्वयंपाकघरात थोडा, आईच्या खोलीत बराच. आईला रुग्णालयात नेऊन ऑक्सिजन दिला, रात्रभर ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सोडलं. फायरमनने मला एकच प्रश्न विचारला, "खाली अलार्म कुठे आहे?" अलार्म होता, पण वरच्या मजल्यावर आमच्या बेडरूमबाहेर. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

दुसऱ्या आठवड्यात धुराडं साफ करणारा आला. त्याने वर चढून धुराड्याच्या टोपीची जाळी काढून आणली. ती काळ्या, चिकट, डांबरासारख्या थराने जवळजवळ बुजली होती. "शेवटचं कधी साफ केलं होतं?" मी गप्प. मागच्या वर्षी दीडेकशे डॉलर वाचवले होते.

आता नीट जोडून बघा. लाकूड ओलं, त्यात आग मंद, म्हणून काजळी. साफसफाई नाही, म्हणून जाळी बुजली. धूर वर जायला वाट कमी, आणि वरचे तीन पंखे घरातली हवा बाहेर फेकणारे. ती हवा कुठून तरी भरून यायलाच हवी. खिडक्या बंद. मग ती धुराड्यातून उलटी खाली आली आणि येताना विषारी वायू घेऊन आली. एकेक चूक वेगळी झाली असती तर कदाचित निभावलं असतं. माझ्या सगळ्या एकाच दिवशी जमल्या.

म्हणून मंडळी, फर्नेस काढून टाका असं मी म्हणत नाही. आमची अजून चालू आहे. पण खालच्या गोष्टी पाळता येत नसतील तर मात्र जरूर काढून टाका.

१. लाकूड

आपल्याकडे वखारीत सरपण वजनावर मिळे, इथे ते मापावर मिळतं. एक कॉर्ड म्हणजे ४ फूट रुंद, ४ फूट उंच, ८ फूट लांब अशी रचलेली रास, म्हणजे १२८ घनफूट. "फेस कॉर्ड" म्हणून जे विकतात ती बहुधा १६ इंची लाकडांची एकच ओळ असते, म्हणजे पूर्ण कॉर्डचा तिसरा हिस्सा. भाव विचारण्याआधी माप विचारा. लहान पिकअपमध्ये पूर्ण कॉर्ड आला असं कोणी सांगितलं तर हसून दार लावा.

नुकत्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणी असू शकतं. ते आधी उकळून वाफ होऊन जायला हवं, मगच लाकूड पेटतं. तुमची उष्णता तेवढ्यात खर्च होते, धूर गार पडतो, आणि गार धुरातूनच काजळी बसते. लाकडात २० टक्क्यांपेक्षा कमी ओल हवी. त्यासाठी फोडलेलं लाकूड किमान सहा महिने ते वर्षभर वाळायला हवं. ओक दोन उन्हाळे खातो. सप्टेंबरात घेतलेलं "सीझन्ड" लाकूड याच हिवाळ्यात जाळायचं असेल तर आधी तपासा. ओल मोजायचं छोटं यंत्र हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतं. मात्र लाकडाच्या बाहेरच्या अंगावर मोजू नका. एक तुकडा मधोमध फोडा आणि ताज्या बाजूला सुया टोचा. यंत्र नसेल तर दोन लाकडं एकमेकांवर आपटा. वाळलेली खणखणतात, ओली बद्द वाजतात. टोकांना भेगा आहेत का, साल सुटते का, तेही पाहा. आणि आग लावल्यावर टोकाला फेस आला तर आईची आठवण काढा.

रास जमिनीपासून उचलून, पॅलेटवर, ऊन-वाऱ्याच्या जागी रचा. फक्त वरून झाका, बाजू उघड्या ठेवा. घराच्या भिंतीला टेकवून रचू नका, वाळवी आणि मुंग्या घरात येतील. लाकूड जवळपासचंच घ्या. एमराल्ड ॲश बोरर हा किडा २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडला आणि जळाऊ लाकडाबरोबर प्रवास करत राज्याराज्यांत पसरला. ॲशची लाखो झाडं त्याने मारली. कॅम्पिंगहून येताना दोन मोळ्या गाडीत टाकायचा मोह टाळा.

काय जाळायचं नाही? कचरा, प्लॅस्टिक, रंगवलेलं लाकूड, प्लायवूड, समुद्रावरून आणलेलं लाकूड. जुन्या डेकच्या फळ्या तर मुळीच नाही. २००३ अखेरपर्यंत घरगुती वापराच्या फळ्यांमध्ये आर्सेनिकयुक्त औषध भरलेलं असे. ते धुरातही जातं आणि राखेतही राहतं. पेटवायला रॉकेल किंवा पेट्रोल कधीही नाही. कागद, ढलप्या आणि थोडा धीर एवढं पुरतं.

२. आग

नवीन माणसाची पहिली चूक म्हणजे रात्री फर्नेस गच्च भरून हवा बंद करणे, म्हणजे सकाळपर्यंत पुरेल. माझी पण तीच. अशी आग जळत नाही, धुमसते. आपल्या चुलीत ओलं लाकूड धुमसलं की डोळे चुरचुरायचे, कारण धूर आपल्यासमोर असायचा. इथे तो धुराड्यात जातो म्हणून आपल्याला दिसत नाही, एवढाच फरक.

लहान पण जोमदार आग ठेवा. दार उघडल्यावर ज्वाळा दिसल्या पाहिजेत. धुराच्या एकेरी पत्र्याच्या पाइपवर चिकटवायचं चुंबकाचं थर्मामीटर मिळतं, ते लावाच. साधारण २५० अंश फॅरनहाइटच्या खाली काटा असेल तर काजळी बसते आहे. २५० ते ४७५ च्या दरम्यान ठीक. त्यावर सतत जात असेल तर फर्नेस फार तापते आहे. बाहेर जाऊन धुराड्याकडे पाहणं ही सगळ्यात स्वस्त परीक्षा. नीट पेटलेल्या आगीचा धूर जवळजवळ दिसतच नाही. दाट, करडा धूर दिसला की तुमचे पैसे वर चालले आहेत.

दार उघडताना घाई नको. आधी हवेची खिडकी थोडी उघडा, दार इंचभर किलकिलं करा, थोडे सेकंद थांबा, मग पूर्ण उघडा. धुमसणाऱ्या आगीला एकदम हवा मिळाली तर साठलेला वायू भडकून ज्वाळा तोंडावर येते. नायलॉनचे कपडे घालून, साडीचा किंवा ओढणीचा पदर मोकळा ठेवून फर्नेसपाशी जाऊ नये. चामड्याचे लांब हातमोजे हवेत.

दाराच्या कडेला दोरीसारखं गॅस्केट असतं. ते नीट बसतं का हे पाहायला फर्नेस गार असताना डॉलरची नोट दारात धरून दार लावा. नोट सहज ओढून आली तर गॅस्केट बदला. दाराभोवती सगळीकडे असं करून पाहा. (नोट परत मिळते. या सदरातली ही एकमेव फुकट तपासणी.)

३. धुराडं

काजळीचे तीन प्रकार. पहिली भुकटीसारखी, ब्रशने निघते. दुसरी चकचकीत पापुद्र्यांची, कष्टाने निघते. तिसरी डांबरासारखी वितळून चिकटलेली. ती साध्या ब्रशला दाद देत नाही आणि तीच पेटते. धुराड्यात आग लागली की आतलं तापमान २००० अंश फॅरनहाइटपर्यंत जाऊ शकतं. मातीचं अस्तर तडकतं आणि त्या भेगांतून आग भिंतीतल्या लाकडाला पोचते.

म्हणून वर्षातून किमान एकदा धुराड्याची तपासणी करून घ्यायची. एनएफपीए २११ या मानकातही हेच सांगितलं आहे. थर एक अष्टमांश इंच झाला की सफाई. माणूस प्रमाणपत्र असलेला बघा. चिमणी सेफ्टी इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका ही संस्था तसं प्रमाणपत्र देते. सफाई हंगाम संपल्यावर, मे महिन्यात करावी. उन्हाळ्याच्या दमट हवेत काजळी आम्लासारखं काम करून पत्रा आणि विटांचे सांधे खाते. शिवाय ऑक्टोबरात सफाईवाले मिळत नाहीत. जाळीची टोपी मात्र हिवाळ्यात दर महिन्याला खालून दुर्बिणीने तरी पाहा.

जुनं घर घेतलेल्यांनी आणखी चार गोष्टी पाहाव्यात:

• लाकडाच्या फर्नेसचं धुराडं स्वतंत्र आहे ना? ऑइल किंवा गॅसच्या उपकरणाबरोबर एकाच फ्लूत जोडलेलं असेल तर आज वापर थांबवा आणि जाणकाराला बोलवा. पूर्वी असं जोडून दिलेलं आढळतं.

• धुराडं छपरातून जिथे बाहेर येतं तिथून किमान ३ फूट उंच, आणि १० फुटांच्या आतल्या कुठल्याही भागापेक्षा २ फूट उंच असावं.

• जोडपाइपच्या प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू हवेत, पाइपला फुटामागे पाव इंच चढ हवा, आणि एकेरी पत्र्याच्या पाइपपासून जळू शकेल अशी कुठलीही वस्तू १८ इंच दूर हवी. फर्नेसपासून किती अंतर हवं ते तिच्यावरच्या पाटीवर लिहिलेलं असतं. पाटी नसेल तर ३ फूट धरा आणि मंडळाच्या गणपतीच्या मखराचं सामान तिथून हलवा.

• फर्नेसच्या पंख्याला हवा बेसमेंटमधूनच खेचायला लावू नका. ती वरच्या मजल्यावरून रिटर्न डक्टने यायला हवी आणि फिल्टरचं झाकण घट्ट बंद हवं. नाहीतर पंखाच धूर ओढून घरभर वाटतो.

नवी घ्यायची असेल तर ईपीएचे नियम मे २०२० पासून कडक झाले आहेत, ते पाळणारीच फर्नेस घ्या. ती धूर पुन्हा जाळते, लाकूड कमी खाते. बसवताना टाउनचं परमिट घ्या आणि इन्शुरन्स कंपनीला कळवा. न कळवता बसवलेल्या फर्नेसने घर जळालं तर काय पत्रव्यवहार होईल याची कल्पना करा.

४. हवा आणि अलार्म

हा भाग आपल्या घरांसाठी खास. आपल्या फोडणीला आणि तळणाला मोठा हूड लागतो. ४०० सीएफएमपेक्षा जास्त ओढणाऱ्या हूडसाठी बऱ्याच ठिकाणच्या बिल्डिंग कोडमध्ये बाहेरची हवा आत आणायची सोय करणं बंधनकारक आहे. जुन्या घरात ती नसते. सोय होईपर्यंत नियम सोपा आहे. तळणाचा घाणा असेल त्या दिवशी लाकडाची फर्नेस पेटवू नका, ऑइलवर घर चालवा. आग आधीच पेटलेली असेल तर स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवा आणि ड्रायर लावू नका. कोटांना वास लागला तर लागू दे.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. धुराचा वास आला नाही म्हणजे तो नाही असं नव्हे. लक्षणं फ्लूसारखी असतात. डोकेदुखी, चक्कर, मळमळ, गळून गेल्यासारखं वाटणं, पण ताप नाही. घरातल्या दोघातिघांना एकदम होत असेल, किंवा बाहेर गेल्यावर बरं वाटून आत आल्यावर पुन्हा होत असेल, तर संशय घ्याच. २०२० नंतर आपल्यापैकी अनेकांच्या घरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला आहे. त्यावर विसंबू नका. साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांतला फरक कळत नाही, म्हणून विषबाधा झालेल्या माणसाचा आकडाही चांगला दिसतो.

अलार्म प्रत्येक मजल्यावर, बेसमेंट धरून, आणि झोपण्याच्या प्रत्येक जागेबाहेर हवा. फर्नेसच्या अगदी तोंडाशी नको, साधारण १५ फूट दूर. अलार्मवर मागे तारीख असते, ती पाहा. धुराचा अलार्म दहा वर्षांनी बदलायचा. कार्बन मोनॉक्साइडचा त्याच्यावर लिहिलेल्या मुदतीत, पाच ते दहा वर्षांत. अलार्म अमुक एका पातळीला लगेच वाजत नाही. ७० पीपीएमला तो वाजायला एक ते चार तास लागू शकतात. म्हणून तो गप्प आहे म्हणजे सगळं ठीक, असंही धरू नका.

भारतातून आलेल्या आई-वडिलांना हे आवर्जून शिकवा: तीन बीप आणि थांबा म्हणजे धूर. चार बीप आणि थांबा म्हणजे हा वायू. अधूनमधून एकच टिक म्हणजे बॅटरी संपली किंवा अलार्म म्हातारा झाला. तीन असो वा चार, चपला शोधत बसायचं नाही, बाहेर पडायचं. आपण कामावर असताना ते घरी एकटे असतात. ९११ ला काय बोलायचं आणि घराचा पत्ता काय, हे देवनागरीत मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा आणि एकदा म्हणून घ्या. शेजाऱ्यांशी ओळख करून द्या. आमच्या आईला वाटत होतं की अलार्म वाजला तर पोळी करपली असणार!

५. राख

आगीतून फुफाट्यात ही म्हण ज्याने केली त्याला राख कळत होती. वरून गार दिसणाऱ्या राखेत निखारे कित्येक दिवस जिवंत राहतात. राख पत्र्याच्या, घट्ट झाकणाच्या बादलीत काढा. बादली घरापासून किमान १० फूट लांब, काँक्रीटवर किंवा मोकळ्या जमिनीवर ठेवा. डेकवर नाही, गराजमध्ये नाही. कागदी पिशवी, पुठ्ठ्याचं खोकं, प्लॅस्टिकची बादली आणि व्हॅक्यूम क्लीनर यांचं तर नावही नको. पूर्ण गार झालेली राख बागेत थोडी थोडी घालता येते, मात्र अझेलिया आणि ब्लूबेरीला नको.

६. वीज गेली तर

बर्फाच्या वादळात फर्नेस आधार असते, पण तिचा पंखा विजेवर चालतो. पंखा थांबला की उष्णता वरच्या पत्र्याच्या पेटीत साठते आणि जवळचं लाकूड तापू लागतं. आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये वीज गेल्यावर काय करायचं ते दिलेलं असतं. ते आजच वाचा, अंधारात टॉर्चच्या उजेडात नाही. सर्वसाधारणपणे नवीन लाकूड घालायचं नाही, हवा कमी करायची आणि नंतर अगदी लहान आग ठेवायची. जनरेटर असेल तर तो घराबाहेर, किमान २० फूट दूर, खिडक्यांकडे तोंड नसलेला. गराजचं दार उघडं ठेवून आत चालवणं म्हणजे "बाहेर" नव्हे. २००८ साली माझ्या नशिबाने सगळं निभावलं, ज्ञानाने नाही.

७. धुराड्यात आग लागली तर

आगगाडी जवळून जावी तसा घरघराट ऐकू येतो, पाइप थरथरतो, वरून ठिणग्या दिसतात. कधी आवाजही येत नाही. सगळ्यांना बाहेर काढा, बाहेरून ९११ ला फोन करा. बाहेर जाता जाता सहज आणि सुरक्षितपणे जमलं तरच फर्नेसचं दार आणि हवा बंद करा. धुराड्यात पाणी ओतू नका. आग विझली तरी पूर्ण तपासणी झाल्याशिवाय पुन्हा पेटवायची नाही, मग बाहेर कितीही थंडी असो.

फ्रिजवर लावायला वेळापत्रक

मे : धुराडं आणि पाइप साफ, राख पूर्ण काढा, पुढच्या वर्षीचं लाकूड आताच घ्या.
ऑगस्ट : गॅस्केट, विटा, पत्र्यातल्या भेगा, पंखा आणि फिल्टर पाहा.
ऑक्टोबर : अलार्म तपासा, लाकडाची ओल मोजा, पहिली आग लहान लावा आणि तेव्हा खिडकी उघडी ठेवा.
नोव्हेंबर ते मार्च : फिल्टर आणि धुराड्याची टोपी दर महिन्याला. राख गरजेप्रमाणे.

आता बेसमेंटमधली ती खोली आम्ही झोपायला वापरत नाही. तिथे मुलीची जुनी पुस्तकं आहेत आणि दोन अलार्म आहेत. आई पुन्हा तीनदा येऊन गेली, वरच्या खोलीत राहिली आणि प्रत्येक वेळी माझं लाकूड आधी वाजवून पाहिलं. मागच्या खेपेला चार लाकडं नापास केली. मी ती मुकाट्याने राशीत परत ठेवली. दर ऑक्टोबरात रत्नागिरीहून फोन येतो. तब्येत, मुलगी, हवा हे विचारून झालं की ती विचारते, "धुराडं झालं का साफ?" त्या एका वर्षी मी "हो" म्हणालो होतो आणि ते खोटं होतं. तिला ते अजून मी सांगितलेलं नाही. हा अंक तिच्याकडे जातो, तेव्हा आता कळेलच.

ज्या तीन कुटुंबांनी विचारलं, त्यांच्याकडे येत्या दोन शनिवारी ओल मोजायचं यंत्र घेऊन यायला मी तयार आहे. चहा पुरे, तळण नको. आणखी कोणाला हवं असेल तर मंडळाच्या पुढच्या सभेत सांगा.

पुढच्या अंकात : पाण्याचे पाइप गोठू नयेत म्हणून काय करावे.

कळावे, लोभ असावा.